तृतीयेचा पंचनामा

खारशेत गावात बुधाजी घरताच्या सहीला मान होता. गावातले बरेच म्हातारे अजून अंगठा टेकवतात, आणि जे शिकलेत त्यांची सही म्हणजे घाईघाईत ओढलेली एक वाकडी रेघ. बुधाजीचं तसं नव्हतं. चौथी शिकलेला हा माणूस ‘बुधाजी हिरू घरत’ अशी पूर्ण अक्षरं काढायचा, वर सरळ शिरोरेघ द्यायचा आणि शेवटच्या ‘त’ची शेपटी जरा लांब सोडायचा. त्या शेपटीचा त्याला भारी अभिमान. सहीला दोन मिनिटं लागायची. ज्यावर सही करायची ते वाचायला मात्र त्यानं जन्मात कधी दोन मिनिटं दिली नव्हती, आणि हे त्याचं त्याला सहासष्टाव्या वर्षी कळलं.

बुधाजी उघाडी सांभाळायचा. खारशेतची भातशेती खाडीला खेटून, मधे नुसता मातीचा बांध. त्या बांधात एक दगडी मोरी आहे आणि मोरीला लाकडी झडपा. तिलाच उघाडी म्हणतात. भरती आली की झडपा नीट मिटल्यात का ते बघायचं, ओहोटी लागली की शेतात साचलेलं पावसाचं पाणी बाहेर सोडायचं. एक झडप अडकली तर रातोरात गावाची शेती खारी होते, मग चार वर्षं तिथं गवतसुद्धा धड उगवत नाही. बुधाजीच्या आधी हे काम त्याचा बाप हिरू करायचा.

या कामाला घड्याळ लागत नाही, तिथी लागते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. हिरूनं पोराला बांधावर बसवून पाऊणकीचा पाढा पाठ करून घेतला होता, आणि चुकला की कान पिरगाळून घेतला होता. बे पाऊणे दीड, म्हणजे द्वितीयेला दीड वाजता पूर्ण भरती. तीन पाऊणे सव्वादोन, म्हणजे तृतीयेला सव्वादोन. आता पोरं मोबाइलवर भरती बघतात. बुधाजी त्यांना वेळ विचारतो, स्वतःची सांगतो आणि पाच मिनिटांच्या फरकावर खुशाल हसतो.

उघाडीपासून हाकेच्या अंतरावर पोलीस दूरक्षेत्र. भारदस्त नाव, पण आहे एक खोली, एक ओटा आणि एक जीप. भिंतीला लागून सदाची चहाची टपरी. कुठं चोरी झाली, अपघात झाला की पोलिसांना पंचनाम्याला दोन पंच लागतात. शहाणा माणूस पंच होत नाही, कोर्टाच्या फेऱ्या कोण मारणार? म्हणून शिपाई ओट्यावरूनच दोन हाका मारायचा, एक सदाला आणि एक बुधाजीला. कागद आधीच लिहिलेला असायचा. जागेवर जाणं वगैरे भानगड नाही. हवालदार सुरवसे म्हणायचे, “बुधाजीराव, तुमच्या सहीनं कागद कसा भरल्यासारखा वाटतो बघा.” की हा गडी खूष. शेपटी आणखी अर्धा इंच लांब.

अशा सह्या त्यानं बारा वर्षांत बावीस केल्या. बाविसावी भाद्रपद वद्य तृतीयेला.

ती तिथी तो विसरणं शक्य नव्हतं, कारण ती त्याच्या बापाची. बायकोनं, रखमानं, सकाळपासून पित्राचा स्वयंपाक मांडला होता. वडे, खीर, भोपळ्याची भाजी, अळू. पण पौर्णिमेनंतरचं उधाण होतं, आणि उधाणाच्या दिवशी उघाडी सोडून घरी पान ठेवायला जाणं म्हणजे बापाचाच अपमान. बुधाजी दुपारी एकपासून बांधावर होता. पाणी चढत चढत झडपांच्या वर गेलं, पलीकडची फरशी पार बुडाली. फरशी म्हणजे खाडीच्या फाट्यावरचा बुटका पूल, मोठ्या उधाणाला तो तीन तास पाण्याखालीच असतो. तीननंतर पाणी उतरताना दिसलं तेव्हा तो घरी गेला. कौलावर पान ठेवलं. कावळा काही येईना. तो चार वाजता आला आणि त्याच वेळी शिपायाची हाक आली.

खिरीचा हात पंच्याला पुसत बुधाजी गेला. जीपच्या बॉनेटवर कागद पसरलेला होता. सदाची सही आधीच झालेली. बुधाजीनं खाली वाकून नाव काढलं, शिरोरेघ दिली, शेपटी सोडली. वाकताना त्याला दिसलं की जीपचा डावा दिवा फुटलेला आहे आणि बंपर आत गेलाय. दिसलं ते दिसलं. विचारलं नाही.

संध्याकाळी गावात कळलं ते असं. अलिबागच्या बंगल्यांवर नळाची कामं करणारा अल्पेश बाइकवरून येत होता, नाक्यावर पोलिसांनी हात केला, तो थांबला नाही, पोलिसांनी जीप मागं घातली. पळता पळता अल्पेशच्या बाइकनं अंगणवाडीच्या विनिताबाईंना उडवलं. बाईंचा पाय दोन ठिकाणी मोडला. अल्पेशला धरलं. गावानं अल्पेशला शिव्या घातल्या, त्यात बुधाजीनंही दोन घातल्या.

विनिता बौद्धवाडीतली. सत्तावीस वर्षं अंगणवाडी चालवते, अर्ध्या गावाची नाकं तिनं पुसलीत. पौष महिन्यात एका सकाळी ती कुबडी टेकत बांधावरून उघाडीपर्यंत आली. बांधावरची ती वाट धडधाकट माणसालाही जपून चालावी लागते. बुधाजी धावला.

“अगं विनिता, निरोप धाडायचा. मी आलो असतो.”

“तुमी आला नसता काका,” ती शांतपणे म्हणाली आणि दगडावर बसली. पिशवीतून तिनं कागद काढला. “मी शुद्धीवर आल्यापासून एकच सांगतेय. बाइक माझ्या बाजूनं दोन हात लांबून गेली. मी मागं सरकले. मागून जीप आली, तिनं मना उडवलं. नाक्याच्या वळणावर. कोन ऐकत न्हाय. कारन हा कागद हाय. म्हनून मी माहिती अधिकारात नक्कल मागितली. वाचा.”

बुधाजीनं चष्मा लावला. आयुष्यातला पहिला पंचनामा तो वाचत होता, तोही स्वतःच्या सहीचा.

‘दुपारी २.०० ते २.४५ या वेळेत आम्ही पंच खाडीवरील फरशीवर समक्ष हजर असताना, फरशीचा पृष्ठभाग कोरडा असून त्यावर एका दुचाकीची चाके घसरल्याच्या साडेअकरा फूट लांबीच्या खुणा दिसून आल्या. चारचाकी वाहनाच्या खुणा आढळून आल्या नाहीत. सदर खुणा आम्ही पंचांसमक्ष मोजण्यात आल्या.’

खाली वार, तारीख. आणि त्याखाली ती देखणी सही.

त्यानं तारीख पाहिली. बोटं आपोआप चालली. तीन पाऊणे सव्वादोन. बापाची तिथी, भाद्रपदाचं उधाण, फरशीवर कंबरभर पाणी, आणि हा हिरू घरताचा मुलगा, खारशेतचा उघाडीवाला, त्या पाण्याखाली कोरड्या फरशीवर उभा राहून टेपनं खुणा मोजतोय. हवालदार गेल्याच वर्षी घाटावरून बदलून आलेला, त्याला भरती काय कळणार? नाक्यावर दुकानाचा कॅमेरा आहे (त्यातलं तेव्हाचं चित्रण एव्हाना पुसलं गेलेलं), म्हणून त्यानं जागा बदलली आणि जिथं कुणी नसतं ती फरशी निवडली. त्याला वाटलं रस्ता म्हणजे चोवीस तास रस्ता. पण बुधाजीला तर कळत होतं. गावात सगळ्यात जास्त त्यालाच कळत होतं. त्याला इतकी लाज वाटली की कान गरम झाले, बापानं पिरगाळल्यावर व्हायचे तसे.

“अल्पेशवर बाईचा पाय मोडल्याची केस हाय,” विनिता म्हणाली. “त्याची बायको पोटुशी हाय. आनि माझ्यावर खोटं बोलल्याचा ठपका. मी पोलिसांवरच्या तक्रारी ऐकतात त्या प्राधिकरणाकडं अर्ज केलाय. पुढल्या मंगळवारी अलिबागला सुनावनी हाय. तुमी याल का ते विचारायला आले.”

बुधाजी लगेच हो म्हणाला नाही, हे इथं सांगितलंच पाहिजे. तो म्हणाला, “बघतो.” विनितानं नुसती मान हलवली, कुबडी घेतली आणि आली तशी गेली.

तो सदाकडे गेला. सदानं ऐकून घेतलं, चहा गाळला आणि म्हणाला, “माजी टपरी त्यांच्या भिंतीला हाय, बुधाजी. भिंत त्यांची, टपरी माजी. तू जा नायतर जाऊ नको, माजं नाव घेऊ नको.”

दुसऱ्या दिवशी सुरवसे स्वतः बांधावर आले. गावात बातमीला पाय असतात. ते आवाज न चढवता बोलले, तेच जास्त बोचलं. “बुधाजीराव, सही तुमची हाय. आता उलटलात तर खोटी सही केली म्हणून तुमच्यावरच यायचं. कशाला या वयात? त्या पोरानं नाकाबंदी तोडली, हे तर खरंय ना?”

“ते खरं हाय,” बुधाजी म्हणाला.

“मग झालं तर.”

ते गेले आणि बुधाजी उघाडीच्या कठड्यावर बसून राहिला. भीती वाटली का? वाटली. पण भीतीपेक्षा राग मोठा होता, आणि तो सुरवशांवर कमी आणि स्वतःवर जास्त. कागद भरल्यासारखा वाटतो म्हणे. बारा वर्षं एकेका हवालदाराच्या असल्या गोड बोलण्यावर पाघळला. बांधाला उंदराएवढं बीळ दिसलं तरी जेवण सोडून धावणारा माणूस, आणि आपल्या नावाला एवढं भगदाड पडलं ते दिसलं नाही.

घरी त्यानं रखमाला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती, थापतच राहिली. मग म्हणाली, “त्या दिवशी कावळा उशिरा का शिवला मना आता कळला.” एवढं बोलून तिनं भाकरी तव्यावर टाकली. मंगळवारी सकाळी धुतलेला सदरा आणि टोपी बाकावर काढून ठेवलेली होती.

अलिबागची सुनावणी म्हणजे बुधाजीला वाटलं होतं कोर्टासारखं काही असेल, पिंजरा वगैरे. एक लांब टेबल होतं आणि पंखा. टेबलापलीकडे तिघं. एक निवृत्त न्यायाधीश, एक निवृत्त पोलीस अधिकारी आणि नागरिकांतून नेमलेल्या मृणालबाई, ज्या पूर्वी कॉलेजात शिकवायच्या. एका बाजूला विनिता आणि अल्पेश, दुसऱ्या बाजूला सुरवसे आणि त्यांच्या वतीनं बोलणारे साहेब. अल्पेशनं बुधाजीकडं पाहिलंसुद्धा नाही. का पाहावं?

न्यायाधीशांनी पंचनामा पुढं सरकवला. “ही सही तुमची?”

“माझीच हाय.”

“वाचून केलीत?”

“न्हाय.”

“जागेवर गेला होतात?”

“न्हाय. चार वाजता चौकीसमोर, जीपच्या बॉनेटवर केली. जीपचा डावा दिवा फुटला होता. बंपर आत गेला होता. बघितलं आनि गप बसलो.”

साहेब उठले. “महोदय, हा माणूस तेव्हा एक सांगतो, आज एक. आज खरं बोलतोय हे कशावरून मानायचं?”

प्रश्न वाजवी होता. बुधाजीलाही तो वाजवी वाटला. तो म्हणाला, “मी बोलतो म्हनून मानूच नका. पान्याला विचारा. भाद्रपद वद्य तृतीया होती. सव्वादोनला भरती पूर्ण. उधानाची. या कागदात दोन ते पावनेतीन फरशी कोरडी लिवलीय. त्या वेळी फरशीवर कंबरभर पानी असतं. मी तिथं उभा राहिलो असतो तर आज तुमच्यासमोर नसतो.”

“सव्वादोन कशावरून?” मृणालबाईंनी विचारलं.

“तीन पाऊने सव्वादोन,” बुधाजी म्हणाला, आणि त्यांचा चेहरा कोराच राहिलेला पाहून त्यानं पाऊणकी समजावून सांगितली. टेबलावर बोट ठेवून, प्रतिपदेपासून. निवृत्त पोलीस अधिकारी आधी हसले, मग हसायचे थांबले. कारकुनाला बंदर कचेरीत पाठवलं. तो अर्ध्या तासानं त्या दिवसाचं भरती-ओहोटीचं पत्रक घेऊन आला. न्यायाधीशांनी मोठ्यानं वाचलं. पूर्ण भरती, दोन वाजून एकोणीस मिनिटं.

साहेबांनी घसा साफ केला. “वेळ लिहिण्यात चूक झाली असेल. पंचनामा पाचच्या सुमारास झाला असणार, पाणी उतरल्यावर.”

मृणालबाईंनी फाइलचं पान उलटलं. “हा कागद पोलीस ठाण्यात साडेचारला पोचल्याची नोंद आहे. पाचला झालेला पंचनामा साडेचारला कसा पोचला?”

साहेब खाली बसले. सुरवसे जमिनीकडं बघत होते. बुधाजीला वाटलं, आता आपलं झालं, आता घरी जावं. तो उठायला लागला तेवढ्यात मृणालबाई म्हणाल्या, “थांबा. याआधी तुम्ही अशा किती पंचनाम्यांवर सही केलीत?”

“ही बाविसावी.”

“त्यांतले किती वाचले होते?”

याची त्यानं तयारी केली नव्हती. बसमधून येताना फरशी, भरती, दिवा, सगळं घोकलं होतं. हे नाही. त्यानं विनिताकडं पाहिलं. तिनं नजर हटवली नाही.

“एकही न्हाय,” तो म्हणाला. “त्या एकवीस कागदांवर काय लिवलंय मना ठाऊक न्हाय. त्यातनं कोनाला शिक्षा झाली असंल तर तेबी ठाऊक न्हाय. ते काढून बघा. माझं जे व्हायचं ते होऊ द्या.”

बाहेर आल्यावर अल्पेश त्याच्याजवळ आला. म्हणाला, “लायसन नव्हतं काका, म्हणून पळलो. त्याचा दंड मी भरतो.” बुधाजी म्हणाला, “भरलाच पायजे.” परतीच्या एसटीत तिघं एकाच बाकावर बसले. विनिताचा पाय लांब करता यावा म्हणून बुधाजी कडेला अर्धा बसला होता.

आदेश यायला वैशाख उजाडला. विनितानं अर्जात मागितलं होतं की तो ग्रामसभेत वाचला जावा, आणि तो ग्रामसभेतच वाचायचं ठरलं. समाजमंदिरात एवढी माणसं याआधी कधी जमली नव्हती. वाचायला विनिता उभी राहिली, आता कुबडीच्या जागी काठी होती. हवालदार सुरवशांची विभागीय चौकशी करावी. अल्पेशवरील बाईला जखमी केल्याच्या आरोपाचा फेरतपास दुसऱ्या अधिकाऱ्यानं करावा. यापुढं दूरक्षेत्राच्या जीपनं पाठलाग केला की तो कुणाच्या हुकमानं केला, कुठं थांबवला, कुणाला लागलं, याची नोंद ठेवावी आणि दर तीन महिन्यांनी ती ग्रामसभेत वाचून दाखवावी. गावातले पाच जण ती नोंद तपासतील. आधीच्या एकवीस पंचनाम्यांची छाननी व्हावी.

इथं विनिता थांबली. कागद खाली धरून बुधाजीला हळूच म्हणाली, “काका, फुडं एक परिच्छेद तुमच्यावर हाय. तो मी सोडते. नकलेत सगळ्यांना मिळंलच.”

“सोडायचा न्हाय,” बुधाजी म्हणाला. तो उठला, चष्मा लावला आणि कागद तिच्या हातातून घेतला. त्यानं आधी तो परिच्छेद मनात पूर्ण वाचला. गाव थांबलं. मग उघाडीवरून पलीकडच्या काठाला हाक मारतात त्या आवाजात तो वाचू लागला.

‘पंच बुधाजी हिरू घरत यांनी आजवर एकही पंचनामा न वाचता सह्या केल्याचे स्वतः मान्य केले आहे. त्यामुळे त्यांच्या सहीवर यापुढे विश्वास ठेवता येणार नाही. त्यांना पंच म्हणून बोलावू नये.’

वाचून झाल्यावर तो म्हणाला, “हे खरं हाय,” आणि कागद विनिताला परत दिला. रखमा बायकांच्या रांगेत ताठ बसली होती. डोळ्याला पदर लावायचा की नाही हे तिचं ठरत नव्हतं. शेवटी तिनं तो लावला.

सभा संपली. ग्रामसेवकानं नेहमीसारखं सह्यांचं रजिस्टर फिरवायला काढलं. वर छापलेलं होतं, ‘खालील सर्व ठराव एकमताने मंजूर’, आणि त्याखालची अर्धी पानं कोरी. ठराव मागून सवडीनं लिहायचे, सह्या आधी घ्यायच्या, ही खारशेतची वर्षानुवर्षांची रीत. रजिस्टर पहिल्यांदा बुधाजीकडं आलं, कारण तो पुढं बसला होता. त्यानं पेन घेतलं, कोरी पानं पाहिली आणि पेन मांडीवर ठेवलं.

“ठराव कुठं हाय?”

“लिहितो ना मी नंतर,” ग्रामसेवक म्हणाला. “तुम्ही सही करा. माणसं खोळंबलीत.”

“आधी लिवा.”

ग्रामसेवकानं आजूबाजूला पाहिलं, कुणीतरी म्हाताऱ्याला समजावेल म्हणून. मागं दाराशी सदा उभा होता, टपरी उघडायला निघालेला. तो परत आत आला आणि बुधाजीच्या शेजारी मांडी घालून बसला. मग दाराकडं निघालेले आणखी दोघं बसले. ग्रामसेवकानं खुर्ची ओढली आणि लिहायला घेतलं. चांगली वीस मिनिटं लागली. कुणी उठून गेलं नाही.